भुते, यंत्रे आणि आमचा भीम



जत्रेतून परतणारा मनुष्य वाटेत गप्प बसत नाही. चित्रपट पाहून आलेल्याचेही तसेच. आपल्या शाळेच्या व्हरांड्यात मधल्या सुट्टीत जी चर्चा रंगते, ती मी शिक्षकखोलीच्या खिडकीतून पुष्कळदा ऐकतो. (चोरून ऐकतो, असे कोणी म्हटल्यास तेही मला मान्य आहे.) त्या चर्चेत मान तीनच प्रकारच्या चित्रपटांना : भुताखेतांचे, यंत्रमानवांचे व अंतराळयानांचे, आणि मारामारीचे. कौटुंबिक चित्रपटास तेथे कोणी विचारीत नाही. ‘एकदम भारी’ आणि ‘एकदम बेकार’ या दोन निकालांपैकी एक जोराने दिला जातो, दुसरा त्याहून जोराने दिला जातो, आणि तेवढ्यात घंटा होते. भारी ते कशामुळे आणि बेकार ते कशाने, हा मुख्य प्रश्न तसाच राहून जातो. त्याविषयी थोडे लिहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

मित्रांनी मिळून चित्रपट पाहावा व मागाहून त्यावर कडाडून वाद घालावा, ही काही आजची टूम नव्हे. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आदी तरुणांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली, ती याच हौसेपोटी. पुढे त्या मंडळींतील राय स्वतःच जगन्मान्य दिग्दर्शक झाले. मुंबईस १९६८ साली प्रभात चित्र मंडळ निघाले आणि मराठी प्रेक्षकांस देशोदेशींचे चित्रपट पाहण्याची व त्यांवरून भांडण्याची हक्काची जागा मिळाली. आपला व्हरांडा त्याच कुळातला आहे, एवढेच सांगावयाचे.

प्रथम भयपट घेऊ. माझे बालपण गोव्यात गेले, घरची भाषा कोकणी. संध्याकाळी दिवा लागला की आजी देवचाराच्या गोष्टी सांगे. खांद्यावर कांबळे, हातात दांडा, पायांत वहाणा, असा हा गावाचा राखणदार रात्री शिवेवरून फिरतो आणि वाट चुकलेल्यास घरापर्यंत पोहोचवितो, अशी तिकडे समजूत. वेताळास वाहिलेल्या नव्या वहाणा काही दिवसांनी झिजलेल्या आढळतात, असेही आजी सांगे. गंमत अशी की, देवचाराची मला भीती कधीच वाटली नाही. भीती वाटे ती आजी गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबून दाराकडे पाही तेव्हा. दाराशी काहीही नसे.

भयपटाचे सारे मर्म या थांबण्यात आहे. इंग्रज दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने ते एका साध्या उदाहरणाने समजावले होते. दोन माणसे मेजाशी बसून गप्पा मारीत आहेत आणि अकस्मात मेजाखाली स्फोट होतो : प्रेक्षक दचकेल, पण क्षणभरच. आता प्रेक्षकास आधीच दाखवा की मेजाखाली स्फोटक ठेवलेले आहे, त्याची वेळ भरत आली आहे, आणि त्या दोघांस मात्र त्याचा पत्ता नाही. त्याच कंटाळवाण्या गप्पा आता प्रेक्षक श्वास रोखून ऐकतो, “उठा, पळा!” असे ओरडावेसे त्याला वाटते. पहिला प्रकार दचकविण्याचा, दुसरा धास्तीचा. कर्कश आवाज करून पाठीमागून कोणास दचकविणे हे तुमच्यापैकी कोणासही जमते. त्यासाठी दिग्दर्शक लागत नाही. तेव्हा एखादा भयपट चांगला की सामान्य हे ठरविताना पहिला प्रश्न हा विचारावा : यात मी किती वेळा दचकलो, आणि किती वेळ धास्तावलो?

दुसरा प्रश्न त्याहून खोल आहे : हे भूत कशाचे? २०१८ साली राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला ‘तुंबाड’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. नारायण धारपांच्या भयकथांची प्रेरणा त्यामागे होती. कथा कोकणातल्या एका वाड्याची. पाऊस पडतो आहे आणि थांबत नाही. मी त्या बाजूचा असल्यामुळे सांगतो, तो पाऊस खोटा वाटत नाही; भिंतीस आलेली ओल पडद्यावरून अंगाला लागते. वाड्याच्या पोटात हस्तर नावाचा भुकेला प्राणी आहे आणि त्याच्याजवळ सोन्याच्या मोहरा आहेत. नायक पुनःपुन्हा तेथे उतरतो, पुढे आपल्या कोवळ्या मुलासही ती विद्या शिकवितो. पाहता पाहता हस्तराची भीती मागे पडते आणि त्या बापाच्या डोळ्यांतली हाव पाहून अंगावर काटा येतो. पहिल्या वेळी या चित्रपटास बेताचाच प्रतिसाद मिळाला. २०२४ साली तो पुन्हा चित्रगृहांत लागला तेव्हा प्रेक्षकांनी गर्दी केली. मधल्या सहा वर्षांत एकाने दुसऱ्यास सांगणे, दुसऱ्याने तिसऱ्याशी वाद घालणे, हेच चालले होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे, कारण आपण वांकिडीत राहतो. तेलंगणाच्या व मराठवाड्याच्या या पट्ट्यात भानामतीचा समज अजून पुरता गेलेला नाही. पडद्यावरचे भूत दिवे लागले की संपते. भानामतीचा संशय मात्र घरोघर फिरतो आणि शेवटी एखाद्या एकट्या, म्हाताऱ्या, गरीब बाईच्या दाराशी जाऊन थांबतो. अशा संशयावरून माणसे मारली गेली आहेत. शेजारच्या महाराष्ट्रात याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. म्हणून भयपट अवश्य पाहा आणि मनसोक्त घाबरा. पण तो गावातल्या एखाद्या खऱ्या बाईकडे बोट दाखवावयास शिकवीत असेल, तर त्या चित्रपटाचे छायाचित्रण कितीही सुंदर असले तरी परीक्षणात ते नोंदविल्यावाचून राहू नका.

विज्ञानपटांचे प्रकरण निराळे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’पूर्वी एक छोटासा प्रयोग केला होता. कुंडीत वाटाण्याचे बी पेरून त्याच्या वाढीची चित्रे ते ठरावीक वेळाने घेत गेले, आणि ती सलग दाखविताच रोप डोळ्यांदेखत उगवले. त्यात न भूत होते, न भांडण. तरी पाहणारे थक्क झाले. फाळके जादूचे प्रयोगही करीत. फ्रान्समध्ये १९०२ साली चंद्रावरच्या सफरीचा चित्रपट काढणारा जॉर्ज मेलिएसही मूळचा जादूगारच. यावरून विज्ञानपटाचे निम्मे गोत्र जादूचे आहे हे ध्यानात येईल. म्हणून परीक्षण करताना मी मुलांना एक सवलत देतो, तिला आम्ही ‘एक थाप माफ’ म्हणतो. दिग्दर्शकास एक अशक्य गोष्ट गृहीत धरण्याचा अधिकार आहे. त्यानंतर मात्र त्याने आपल्याच नियमांनी चालावे.

उदाहरणार्थ, १९९१ सालचा सिंगीतम श्रीनिवास राव यांचा ‘आदित्य ३६९’ हा तेलुगू चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी पाहिला गेला आहे. कालयंत्र ही त्यातली माफ थाप. ते यंत्र नायकास कृष्णदेवरायाच्या काळात नेते व तेथून भविष्यातही नेते. आपण ते निमूट मान्य करतो, कारण यंत्र एकदा चालले की पुढच्या साऱ्या अडचणी त्यातूनच उद्भवतात. याउलट, अंतराळातल्या लढाईत स्फोटांचे गडगडाट ऐकू येतात, ही बिनमाफीची थाप होय. ध्वनीस वाहून नेण्यास हवेसारखे माध्यम लागते आणि तेथे ते नाही. १९६८ सालच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटाने ती शांतता जशीच्या तशी ठेवली, आणि ती कोणत्याही गडगडाटाहून अधिक भिववणारी आहे. २०१४ सालच्या ‘इंटरस्टेलर’मध्ये कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावर घालविलेला एक तास पृथ्वीवरच्या सात वर्षांएवढा होतो. ही थाप वाटेल, पण ती थाप नाही. प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंद चालतो हे आइन्स्टाइनचे शास्त्र आहे, आणि चित्रपटाचे शास्त्रीय सल्लागार किप थॉर्न यांना पुढे २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कृष्णविवरावरून आठवले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेस बक्षीस मिळाले, आणि मग उलगडले की आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी फिरवून ती जयंत विष्णू नारळीकर यांनी पाठविली होती. आपल्या कीर्तीकडे पाहून कोणी गुण देऊ नयेत, म्हणून जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने हे सोंग घेतले. चित्रपटावर मत देणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. श्रेयनामावलीतले मोठे नाव झाकून ठेवले तरी तुमचे मत तेच राहील काय?

आता मारामारीचे चित्रपट. हा प्रकार हलका आहे, असे म्हणण्याची वडीलधाऱ्यांत पद्धत आहे. मला ती मान्य नाही. १९३५ साली ‘हंटरवाली’मध्ये नादिया घोड्यावर बसून, चाबूक फिरवीत, पुरुषांस लोळवीत आली. धोक्याच्या उड्या ती स्वतः मारी. त्या काळच्या कित्येक गंभीर बोलपटांतल्या रडणाऱ्या नायिकांपेक्षा ती पाहणाऱ्या मुलींना अधिक काही सांगून गेली असावी. परंतु नादियाकडे मी आज जास्त वेळ थांबत नाही, कारण मारामारीच्या एका चित्रपटावरून आपल्याच वर्गात जे घडले ते सांगावयाचे आहे.

२०२२ साली एस. एस. राजामौली यांचा ‘आर आर आर’ प्रदर्शित झाला. कोणी तो तेलुगूत पाहिला, कोणी हिंदीत. त्याचा एक नायक कोमरम भीम. ज्याच्या नावाने २०१६ पासून आपला जिल्हा ओळखला जातो, तोच हा भीम. एका बाकावर बसणारे नववीचे दोन जिवलग मित्र. पहिला म्हणाला, “सर, भीमाचे नाव बाहेर कोणाला माहीत होते? आता जपानमध्येसुद्धा माहीत आहे. गाण्याला ऑस्कर मिळाले!” दुसरा केरामेरीकडच्या गोंड पाड्यावरचा. तो बराच वेळ खाली पाहत होता. मग म्हणाला, “सर, तो आमचा भीम नाही. तो वाघाशी लढतो, दिल्लीला जातो, नाचतो. आमचा भीम जमिनीसाठी लढला. जोडेघाटला त्याला गोळ्या घातल्या. ते कुठे आहे?”

मी घाईत होतो. “अरे, चित्रपटच तो, एवढे मनाला लावून घेऊ नये,” असे म्हणून मी फळ्याकडे वळलो. तो मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या बाकावर बसला, आणि आठ दिवस तेथेच बसला.

चूक माझी होती. या मुलाच्या घरची माणसे दर वर्षी अश्विन पौर्णिमेस भीमाच्या स्मृतिदिनासाठी जोडेघाटास जातात. भीमाचा लढा निजामाच्या जंगल व महसूल खात्यांविरुद्ध होता. गोंडांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन राखीव जंगलात धरली जात होती, गुरे चारण्यावर कर होता. १९४० साली जोडेघाटास निजामाच्या पोलिसांनी गोळीबार केला, त्यात भीम व त्याचे सोबती पडले. त्यानंतर हे असे का झाले याचा अभ्यास करण्यास निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञास येथे पाठविले. मार्लवाई गावी तो राहिला. त्याच्या खटपटीने गोंड मुलांसाठी शाळा निघाल्या, आणि त्यांची गोंडी पुस्तके देवनागरीत छापली गेली. म्हणजे तुम्ही आत्ता वाचीत आहात त्याच अक्षरांत. चित्रपटातला दुसरा नायक अल्लुरी सीताराम राजू १९२४ सालीच मारला गेला होता. भीमाची व त्याची भेट कधी झालीच नाही. दोघेही तरुणपणी काही वर्षे घरापासून दूर होते, त्या रिकाम्या वर्षांत दिग्दर्शकाने आपली कल्पना पेरली. हे काल्पनिक आहे, असे चित्रपट आरंभीच सांगतोही.

मग तक्रार कसली? मी पुष्कळ विचार केला तेव्हा एवढे उमगले. अफझलखानाचा प्रसंग कोणी चित्रपटात चुकीचा दाखविला, तर महाराष्ट्रातले चौथीतले पोर उठून ती चूक सांगेल, कारण तो इतिहास त्याच्या पुस्तकात आहे. जेथे पुस्तक आहे तेथे चित्रपटाचे स्वातंत्र्य स्वस्त पडते. भीमाचे पुस्तक जगात फारच थोड्यांनी उघडलेले. त्यांच्यापुरता चित्रपट हेच पुस्तक झाले. पहिल्या मुलाचा आनंद खरा होता, नाव दूरवर गेले हे नाकारता येत नाही. दुसऱ्याचे दुःखही तितकेच खरे होते. आणि मी त्या दोघांस मारामारीच्या दृश्यांवर बोलण्यापलीकडे काही दिले नव्हते.

मी दोघांस बोलावून घेतले, दुसऱ्याची वर्गासमक्ष क्षमा मागितली, आणि एकत्र परीक्षण लिहावयास सांगितले. अट एकच घातली : प्रत्येकाने आधी दुसऱ्याची बाजू लिहावयाची, आणि “हो, मला हेच म्हणायचे होते,” असे दुसऱ्याने म्हटल्याशिवाय आपल्या बाजूस हात घालावयाचा नाही. पहिल्याचा मजकूर तीन वेळा परत आला. “मला फक्त राग आला, असे लिहिले आहेस. मला राग नाही आला, मला वाईट वाटले,” असे दुसऱ्याने पहिल्या वेळी सांगितले. चौथ्या वेळी तो काही न बोलता पुन्हा जुन्या बाकावर येऊन बसला. त्याने लिहिलेली मित्राची बाजू मात्र पहिल्याच खेपेस पसंत पडली.

परीक्षण पूर्ण झाले आहे. चित्रपट भारी की बेकार, यावर दोघांचे एकमत झालेले नाही. नाचाचा प्रसंग उत्तम आहे यावर झाले आहे. शेवटचा परिच्छेद त्यांनी अजून लिहिलेला नाही, कारण पहिल्या मुलाने जोडेघाट पाहिलेले नाही. तेथे स्मारक व संग्रहालय आहे. येत्या अश्विन पौर्णिमेस दुसऱ्या मुलाच्या वडिलांनी आम्हां दोघांस आपल्याबरोबर येण्याचे आमंत्रण दिले आहे. वर्गातल्या आणखी कोणास यावयाचे असल्यास पालकांची चिठ्ठी घेऊन मला भेटावे. पहाटे निघावे लागेल.