जपानी स्त्रियांचे मौन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जपानी समाज शिस्तप्रिय आणि सुरक्षित आहे, तेथील स्त्रिया मुळातच सोशिक आहेत आणि स्त्रीवाद हा विचार तेथे अलीकडे पाश्चात्त्य देशांतून आला, अशी समजूत जपानबाहेर बरीच रूढ आहे. यांपैकी सोशिकपणाविषयीची समजूत सर्वांत घातक होय, कारण तोंड उघडणाऱ्या स्त्रीला तेथे कोणती किंमत मोजावी लागते, हा प्रश्नच त्या समजुतीमुळे कोणी विचारत नाही.

स्त्रीवाद तेथे अलीकडे आला, हेही खरे नाही. हिरात्सुका राइचो यांनी ‘सेइतो’ हे स्त्रियांनीच चालवलेले मासिक १९११ मध्ये काढले, तेव्हा तत्कालीन वृत्तपत्रांनी ‘नव्या स्त्रिया’ म्हणून त्यांची टवाळी केली आणि सरकारने काही अंकांवर बंदी घातली. १९०० च्या पोलीस कायद्यानुसार स्त्रियांना राजकीय सभेला नुसते हजर राहण्यासही मनाई होती. ती १९२२ मध्ये उठली, ती राइचो, इचिकावा फुसाए आणि ओकु मुमेओ यांच्या संघटनेने धरलेल्या आग्रहामुळे. राइचो ज्या जपान महिला विद्यापीठात शिकल्या, त्याच संस्थेची माहितीपुस्तिका वाचून महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केले, हे मराठी वाचकांना आवर्जून सांगण्याजोगे आहे. जपानमध्ये स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, १९४६ साली, ३९ स्त्रिया संसदेत निवडून आल्या.

स्त्रिया मागे राहतात त्या गुणवत्ता कमी पडल्यामुळे, हा आणखी एक गैरसमज. टोकियो वैद्यकीय विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत मुलींचे गुण पद्धतशीरपणे कमी करत होते, हे २०१८ मध्ये उघड झाले. पुढील चौकशीत अशीच प्रथा इतर काही संस्थांतही आढळली. या प्रकारांना आळा बसल्यावर, २०२१ मध्ये, देशभरातील वैद्यकीय प्रवेशांत मुलींच्या यशाचे प्रमाण मुलांपेक्षा किंचित पुढे गेले.

ऑनलाइन छळ म्हणजे केवळ शब्द, त्याने कोणाचे काय बिघडते, हा युक्तिवाद मात्र सविस्तर तपासावा लागतो. पत्रकार इतो शिओरी यांनी एका ज्येष्ठ पत्रकाराविरुद्ध बलात्काराची तक्रार केली होती, परंतु सरकारी वकिलांनी ते प्रकरण बंद केल्यानंतर मे २०१७ मध्ये त्या स्वतःच्या नावानिशी व चेहऱ्यानिशी पत्रकारांसमोर आल्या. त्यानंतर खोटारडी, संधिसाधू, देशाची बदनामी करणारी अशा शब्दांत त्यांच्यावर इतका मारा झाला, की त्यांना काही काळ मायदेश सोडून लंडनला राहावे लागले. दिवाणी दाव्यात त्यांना भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कायम केला. इतो यांच्या निंदेच्या पंचवीस ट्वीटांना खासदार सुगिता मिओ यांनी ‘लाइक’ दिल्याबद्दलचा वेगळा दावा जिल्हा न्यायालयाने फेटाळला होता. उच्च न्यायालयाने मात्र ‘लाइक’ या खुणेचा अर्थ एरवी संदिग्ध असू शकतो हे मान्य करूनही, खासदाराचा प्रभाव, एक लाखाहून अधिक अनुयायी आणि इतो यांच्यावर त्यांनी आधी केलेली टीका एकत्र विचारात घेऊन साडेपाच लाख येन भरपाई मंजूर केली. हा निर्णय २०२४ मध्ये अंतिम झाला. जमावातील प्रत्येकाचे कृत्य सुटे पाहिले की क्षुल्लक वाटते, आणि छळ करणाऱ्यांना नेमका त्याचाच आधार मिळतो. या निकालाने तो आधार निदान एका ठिकाणी काढून घेतला.

निनावी लिहिणारा सापडतच नाही, असेही म्हटले जाते. तो सापडतो, पण शोधण्याचे ओझे पीडितेवर पडते. पूर्वी संकेतस्थळाच्या चालकाकडून संगणकीय पत्ता मिळवण्यासाठी एकदा आणि त्या पत्त्यावरून दूरसंचार कंपनीकडून नाव मिळवण्यासाठी पुन्हा, असे दोनदा न्यायालयात जावे लागे, आणि तोवर कंपनीच्या नोंदी बहुधा काही महिन्यांतच पुसल्या जात. ऑक्टोबर २०२२ पासून ही दोन्ही कामे एकाच प्रक्रियेत होऊ शकतात. लिहिणारा सापडला, तरी शिक्षा नाममात्रच असे. मे २०२० मध्ये किमुरा हाना या बावीस वर्षांच्या कुस्तीपटूने एका रिअॅलिटी कार्यक्रमातील प्रसंगावरून झालेल्या ऑनलाइन भडिमारानंतर जीवन संपवले, तेव्हा अपमानाच्या गुन्ह्याला, म्हणजे कोणतेही तथ्य न सांगता जाहीरपणे केलेल्या पाणउताऱ्याला, तीस दिवसांहून कमी स्थानबद्धता किंवा दहा हजार येनांहून कमी दंड एवढीच शिक्षा होती. तिला अपशब्द लिहिणाऱ्या एकाला नऊ हजार येन दंड झाला. तिच्या आईने केलेल्या पाठपुराव्यानंतर जुलै २०२२ पासून या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कारावास किंवा तीन लाख येनांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा कडक झाला म्हणजे स्त्रियांची बाजू आपोआप भक्कम झाली, असे मात्र समजू नये. जपानच्या वकील महासंघाने या वाढीव शिक्षेला अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कारणास्तव विरोध केला होता, आणि तीन वर्षांनी फेरआढावा घेण्याची तरतूद कायद्यातच ठेवावी लागली. शिवाय जपानी दंडसंहितेत खरी गोष्ट जाहीर करणेही बदनामी ठरू शकते; ती लोकहिताची होती आणि खरी होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर असते. अत्याचाराबद्दल नाव घेऊन बोलणाऱ्या स्त्रीवर उलट बदनामीचा दावा लावता येतो तो याच तरतुदीच्या आधारे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्या तरतुदीला हात लावलेला नाही.