विजेरीला सेल कोणता?

शेतकऱ्याला पिकास पाणी देण्यासाठी पुष्कळदा रात्रीच शेतावर जावे लागते. बांधावर पडलेला साप वेळीच दिसणे किंवा न दिसणे, हे तेव्हा त्याच्या हातातील विजेरीवर अवलंबून असते. ऐन वेळी ती मंदावली, तर जिवाशीच गाठ! म्हणून विजेरी घेताना तिच्या बाह्य चकाकीपेक्षा तिच्या पोटातील विद्युत्घटांचा विचार आधी करावयास हवा. या घटांनाच व्यवहारात सेल म्हणतात.

मोठ्या विजेरीत बसणाऱ्या जाडजूड 'डी' सेलाचा व्यास सुमारे 34 मिलिमीटर असतो. 'पेन्सिल सेल' म्हणून सर्वांच्या परिचयाचा असलेला 'एए' सेल सुमारे 14.5 मिलिमीटर जाड व 50 मिलिमीटर लांब असतो. त्याहूनही बारीक तो 'एएए' सेल; त्याची जाडी सुमारे 10.5 व लांबी 44 मिलिमीटर असते. आकार इतके भिन्न असूनही तिन्ही सेलांचा विद्युत्दाब मात्र एकच, दीड व्होल्ट! याचे कारण असे की, दाब हा सेलाच्या आकारावर ठरत नाही. तो आतील द्रव्यांवर ठरतो. जस्त आणि मँगॅनीज डायऑक्साइड ही मुख्य द्रव्ये तिन्ही सेलांत सारखीच असतात.

मग मोठ्या सेलात अधिक काय असते? सारख्याच उंचीचे दोन हौद आहेत, एक रुंद व दुसरा अरुंद, अशी कल्पना करावी. दोन्ही काठोकाठ भरले, तर तळाच्या तोट्यांतून पाणी प्रथम सारख्याच जोराने येईल. परंतु अरुंद हौद लवकर रिता होईल. सेलांचेही तसेच आहे. मोठ्या सेलात दाब अधिक नसतो, साठा अधिक असतो.

हा साठा मिलिअँपिअर-तासांत मोजतात. चांगल्या अल्कलाइन 'एए' सेलात तो सुमारे 2500, तर 'एएए' सेलात सुमारे 1000 असतो. दिवा 250 मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल, तर स्थूलमानाने पहिला सेल 10 तास व दुसरा 4 तास पुरेल. दिवा फार प्रखर असेल, तर बारीक सेल या हिशेबापेक्षाही लवकर थकतो.

येथे एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. पुष्कळ लहान विजेऱ्यांत 'एएए' जातीचे तीन सेल असतात. तीन सेल पाहून ग्राहकाला वाटते की, ही विजेरी दोन सेलांच्या विजेरीहून अधिक टिकेल. वस्तुतः त्या तिन्ही सेलांतील एकूण ऊर्जा दोन 'एए' सेलांतील ऊर्जेहून बरीच कमी भरते. तीन सेल घालण्याचे कारण निराळेच आहे. पांढऱ्या एलईडी दिव्याला सुमारे तीन व्होल्ट दाब लागतो. तीन सेल एकापुढे एक जोडले म्हणजे साडेचार व्होल्ट मिळतात आणि दाब वाढविणाऱ्या वेगळ्या मंडलावाचून काम भागते.

तेव्हा निवड गरजेनुसार करावी. खिशात बाळगून क्वचित वापरावयाच्या विजेरीस 'एएए' सेल पुरेसा आहे. गडावरील मुक्कामास किंवा घरातील नित्य वापरास 'एए' सेल बरा. तो लहानशा दुकानातही मिळतो. रात्रभराच्या राखणीस 'डी' सेल योग्य, मात्र त्याचे वजन सोसावे लागते. रोजच्या वापराला पुन्हा पुन्हा भारित करता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल अंती स्वस्त पडतात. त्यांचा दाब 1.2 व्होल्ट असला, तरी बहुतेक विजेऱ्या त्यांवर चालतात. काही लिथियम-आयन सेल मात्र पेन्सिल सेलाएवढेच दिसतात. त्यांचा दाब सुमारे 3.7 व्होल्ट असतो. विजेरीबरोबरच्या पत्रकात तशी अनुमती नसेल, तर ते तिच्यात घालू नयेत. दिवा जळण्याचा संभव असतो.

जुने व नवे सेल एकत्र वापरू नयेत. विजेरी दीर्घकाळ वापरावयाची नसेल, तर सेल काढून ठेवावेत; नाहीतर ते पाझरून आतील पत्रे गंजतात. बटणाएवढे चपटे सेल लहान मुलांच्या हाती कधीही लागू देऊ नयेत. ते गिळले गेल्यास अन्ननलिकेस गंभीर इजा होते.

विजेरी किती काळ व कोठे लागणार आहे, हे ज्याने आधीच ठरविले, त्याची वाट मध्यरात्रीही उजळलेली राहते.