प्लॅटिनमवर रुमाल

ठाकुर्लीच्या चोळे वीजघरात कोळसा जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन, त्यावर जनित्र आणि मग रेल्वेची वीज, असा लांबचा फेरा होता. फ्युएल सेलमध्ये हा फेरा नाही. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यातून थेट वीज मिळते, उरतं फक्त पाणी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केपीआयटीसोबत २०२० मध्ये अशी मोटार आणि २०२२ मध्ये बस चालवून दाखवली.

या सेलमध्ये ऑक्सिजनचं पाणी होतं ते उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या प्लॅटिनमच्या सर्वांत वरच्या अणुथरावर. त्यासाठी तिथे हायड्रोजनचे प्रोटॉन पोचायला हवेत. म्हणून कार्बनवर बसवलेल्या काही नॅनोमीटरच्या प्लॅटिनम कणांवर नाफिऑनसारख्या पॉलिमरचा पातळ थर देतात. त्याच्या उपसाखळ्यांच्या टोकांना सल्फोनेट गट असतात. त्यांच्याभोवती धरून ठेवलेल्या पाण्यातून प्रोटॉन पुढे सरकतात.

पण हे गट प्लॅटिनमलाही चिकटतात. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरावी, तशी ते अणूंवरची जागा अडवतात आणि ऑक्सिजनला टेकायला मोकळे अणू कमी पडतात.

किती जागा अडते, हे अणूंच्या मांडणीवर ठरतं. कणाला अनेक पैलू असल्याने तिथे ते उलगडत नाही. म्हणून संशोधक प्लॅटिनमचा एकच स्फटिक घेऊन हवा तो पैलू कापतात. त्यांपैकी (१११) नावाच्या पैलूवर प्रत्येक अणूला त्याच थरात सहा शेजारी असतात, अंतर ०.२७७ नॅनोमीटर. जाँ क्लाविलिये यांनी १९८० मध्ये रूढ केलेल्या पद्धतीने हा स्फटिक ज्योतीत तापवला, की मळ जातो आणि अणू जागच्या जागी बसतात. मग त्यावर विरळ नाफिऑनचा थेंब वाळवतात.

पुढे तो आम्लात बुडवून त्याचं विभव (विद्युत दाब) सावकाश वर-खाली करत प्रवाह मोजतात. नाफिऑन असलेल्या (१११) पैलूवर विभव चढताना एक टोकदार शिखर उमटतं, उतरताना त्याची जोडी दिसते. सल्फोनेट बसला आणि उठला, याची ती नोंद. सल्फोनेटचे तीन ऑक्सिजन त्रिकोणात असतात आणि या पैलूवर अणूंचे त्रिकोणही तसेच जुळतात, म्हणून इथे पकड चांगली बसते.

या अडवणुकीवर एक उपाय म्हणजे कार्बनच्या बारीक छिद्रांत प्लॅटिनम बसवणं. तिथे पॉलिमरची लांब साखळी शिरत नाही, पाणी मात्र शिरतं आणि प्रोटॉन नेण्याचं काम तेच करतं.