दाणे माणसाला का सोडत नाहीत

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना कुठल्याही पाड्यात जुन्या वळणाच्या घरात शिरलात, तर आतल्या अंगाला कणगी दिसते. बांबूच्या कामट्यांची विणलेली आणि शेणमातीने सारवलेली. एकीत भात, दुसरीत नागली, वरईला जमलीच तर आणखी एखादी लहानशी. वारल्यांच्या घरात कणसरी, म्हणजे धान्याची देवी, हिला मान असतो. कणगीत माल मात्र फार नसतो. वरकस जमिनीवर पिकून पिकून किती पिकणार? होळीच्या सुमाराला तळ दिसायला लागतो आणि तोवर घरातली कर्ती माणसे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात.

या कणगीत माणूस बुडत नाही. तिची उंची बेताची, माल काही क्विंटलांचा, आणि धान्य काढायचे ते टोपलीने, हाताने. पण तेच भात शेकडो टनांनी एका उंच पिंपात भरले आणि तळाला यंत्र लावून ते ओढायला सुरुवात केली, की त्याचा स्वभाव पार बदलतो.

28 जुलै 2010 रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात माऊंट कॅरोल नावाच्या गावी मक्याच्या एका मोठ्या कोठारात कामावरची मुले उतरली होती. काम साधे होते. मका ओलाव्याने चिकटून त्याचे थर जमले होते, खालून माल नीट उतरत नव्हता, म्हणून वर चालत जाऊन ढेकळे फोडायची. खाली माल ओढणे चालूच होते. 14 आणि 19 वर्षांचे दोघे दाण्यांखाली गेले. तिसरा छातीपर्यंत रुतला. त्याला बाहेर काढायला सुमारे सहा तास लागले. त्या एका वर्षात अमेरिकेत अशा पन्नासहून अधिक घटनांची नोंद पर्ड्यू विद्यापीठाने केली आणि त्यांतली निम्म्याहून जास्त माणसे दगावली. तिथे या नोंदी कित्येक दशके ठेवल्या जात आहेत, म्हणूनच सुटकेचे शास्त्र तयार होऊ शकले.

सहा तास का लागावेत? चार धडधाकट माणसांनी बखोटीला धरून उपसायला काय हरकत?

याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळते. निमुळत्या गळ्याच्या तांब्यात तांदूळ भरा. तो जमिनीवर आपटून आणि अंगठ्याने दाबून दाबून ठासा. आता लांब पात्याची सुरी त्यात उभी खुपसा, काढा, पुन्हा खुपसा. आठ-दहा वेळा असे केले की एकदा सुरी वर उचलताना तांब्याच सुरीबरोबर वर येतो. सुरीला हूक नाही की तांदळात डिंक नाही. दाणे एकमेकांत रुतून बसलेले, प्रत्येक दाणा शेजारच्याला रेटणारा, आणि या रेट्यामुळे पात्याच्या दोन्ही अंगांना घर्षण. ओढ जितकी वाढवाल तितके दाणे आणखी घट्ट होतात. धान्यात गाडलेल्या माणसाचे पाय म्हणजे ही सुरी. प्रयोगांतून आणि मोजमापांतून सांगितले जाणारे आकडे असे : कमरेपर्यंत रुतलेल्याला सरळ वर काढायला दीडशे किलोच्या आसपास ओढ लागते, डोक्यापर्यंत गाडलेल्याला चारशे किलोच्या घरात. क्रेनला हे जड नाही. माणसाचे खांदे आणि मणका मात्र त्याआधी निखळतील.

धान्य हा पदार्थ पाण्याच्या जातीचा नाही, दगडाच्याही नाही. एच. ए. जान्सेन या जर्मन अभियंत्याने 1895 मध्ये कोठारांच्या नमुन्यांत धान्य भरून तळावरचा भार मोजला. पाणी भरले असते तर उंची वाढेल तसा तळावरचा दाब वाढतच गेला असता. धान्याचा दाब मात्र थोडा वाढला आणि मग थबकला. वर कितीही ओता, तळाला फारसा फरक नाही. उरलेला भार घर्षणामुळे भिंती पेलत होत्या. दाणे आपापसांत भाराच्या कमानी उभारतात आणि ओझे आडवे नेऊन भिंतीवर टाकतात. या कमानींमुळेच स्थिर ढिगावर माणूस उभा राहू शकतो. फार तर पावले रुततात.

तळाचे भोक उघडले की त्या कमानी सतत मोडत जातात. भोकाच्या बरोबर वरचा माल आधी निघतो आणि पृष्ठभागावर नरसाळ्यासारखा खळगा पडतो. त्यात उभ्या माणसाला आधार उरत नाही. भाताचा घनमीटर साधारण साडेपाचशे-सहाशे किलोंचा, गव्हाचा पावणेआठशेच्या आसपास, आणि माणसाच्या शरीराचा हजाराच्या जवळ. म्हणजे तरंगण्याचा प्रश्नच नाही. मोठ्या यंत्राचा ओढा असेल तर चार-पाच सेकंदांत पाय सुटेनासे होतात आणि वीस-पंचवीस सेकंदांत डोके दिसेनासे होते. हाक मारायलाही तेवढाच वेळ. मृत्यू बहुधा नाकातोंडात दाणे जाऊन होतो. छातीभोवती दाणे असले तर प्रत्येक उच्छ्वासाबरोबर छाती आकसते, रिकाम्या जागेत दाणे सरकतात आणि पुढचा श्वास आधीच्यापेक्षा तोकडा पडतो.

म्हणून सुटकेचा पहिला नियम ओढण्याचा नसून थांबवण्याचा आहे. यंत्र बंद करायचे आणि कुणी चुकून चालू करणार नाही याची खात्री करायची. मग जवळ जायचे तेही फळ्या टाकून, कमरेला दोर बांधून. कारण ढीग उतरता असतो आणि मदतीला धावलेल्याच्या पायाने आणखी दाणे घसरून अडकलेल्याच्या अंगावर जातात. नंतर त्या माणसाभोवती धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्यांची, एकमेकांत अडकणारी नळी उभी करायची आणि दाबत खाली न्यायची. बाहेरचा माल आत येणे थांबले की नळीच्या आतले दाणे लहान मळसूत्री उपशाने किंवा नुसत्या डब्याने काढत जायचे. दाण्यांची पातळी गुडघ्याखाली आली की पाय आपोआप मोकळे होतात. मुद्दा एवढाच की माणूस हलवायचा नाही, धान्य हलवायचे. तयार नळी नसली तर पत्रे, प्लायवूड, दोन्ही तोंडे कापलेले ड्रम यांचेही कुंपण करता येते. पूर्ण गाडला गेला असेल तर कोठाराच्या भिंतीला अनेक बाजूंनी सारख्या अंतरावर छेद देतात. एकाच बाजूने कापले तर भार एकीकडे कलून कोठारच आडवे व्हायचा धोका.

आपल्याकडे मात्र जमिनीवरच्या उंच पिंपांपेक्षा जमिनीखालची पेवे जुनी. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णाकाठच्या मातीत हळद साठवायला वापरत ती पेवे प्रसिद्ध आहेत. वर अरुंद तोंड, आत मडक्यासारखा फुगलेला खोल खड्डा. 2005 च्या महापुरात त्यांतल्या बऱ्याच पेवांचे नुकसान झाले. पेवातला शत्रू दाणे नव्हे, हवा. साठवलेला माल, बुरशी, किडे सगळेच श्वास घेतात. बंद जागेतला ऑक्सिजन संपत जातो आणि हवेपेक्षा दीडपट जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. याच गुणामुळे किडे मरतात आणि माल टिकतो. उतरणाऱ्याचेही तेच होते. पेव उघडून काही वेळ वारा लागू द्यायचा आणि मग दिवा खाली सोडून पाहायचा, ही जुनी रीत अगदी बरोबर आहे. ऑक्सिजन सोळा टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते, माणूस बेशुद्ध पडतो तो दहाच्या खाली. दिवा माणसाच्या आधी मरतो. पण विषारी वायूचा इशारा दिव्याकडून मिळत नाही. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या तीन ग्रॅमच्या गोळीतून सुमारे एक ग्रॅम फॉस्फिन सुटतो. झोपायच्या खोलीतल्या धान्यात ही गोळी ठेवणे म्हणजे निव्वळ वेडेपणा, तरी ती खेडोपाडी ठेवली जाते.

आणि एक जण आत कोसळला की दुसरा विचार न करता उडी घेतो. बापाच्या मागे मुलगा, भावाच्या मागे भाऊ. पेव, विहीर, गटार, कोठार, सगळीकडे हीच गोष्ट. ही शूराची चूक आहे, पण चूकच.

जव्हार-मोखाड्याला हे सगळे कशाला सांगायचे? तर इथला माणूस आपल्या कणगीपाशी थांबत नाही. शेजारच्या वाडा तालुक्यात भाताच्या गिरण्या आहेत. तिथल्या वाडा कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. भातगिरणी म्हटली की माल ओतायचा हॉपर, खाली एलिव्हेटरचा खड्डा, वर कोठ्या आणि मागे तुसाचा डोंगर हे आलेच. अडकलेला माल काठीने ढोसायला आत उतरायचे काम रोजंदारीवरच्या पोरावर येते. आदिवासी विकास महामंडळाच्या भात खरेदीतली पोती गोदामात थप्प्यांनी उभी राहतात. थप्पी कोसळली तर तीही माणूस गाडते. सहकारी क्षेत्रात 700 लाख टनांची साठवण उभी करायची योजना केंद्राने मे 2023 मध्ये मंजूर केली. यापुढे गावाजवळ मोठी कोठारे येणार ती येणारच. आपल्या अग्निशमन केंद्रांत दोर-शिडी असते. धान्याच्या सुटकेची नळी असावी, निदान दोन्ही तोंडे कापलेले ड्रम असावेत, असा विचार मला फारसा कुठे दिसत नाही.

माऊंट कॅरोलची मुले आत उतरली कारण मका ओला होता. ढेकूळ झाले नसते तर कुणाला आत जायचे कारणच नव्हते. कापणीच्या वेळी भातात वीस टक्क्यांहून जास्त ओलावा असू शकतो. साठवायचे तर तो चौदाच्या खाली आणावा लागतो. दिवाळीच्या तोंडावर परतीचा पाऊस खळ्यात शिरला की इथेच गणित चुकते. कणगीतला ओला दाणा चुलीच्या धगीने थोडा सावरतो आणि बाई हाताने चाळवते तेव्हा गरम लागला की उन्हात जातो. कोठारात कुणी हात घालून बघत नाही. तिथे ओलावामापक लागतो, आणि तो नसला तर निदान जुनी खूण : मूठभर भातातला एक दाणा दाताखाली धरायचा. कट्कन तुटला तर वाळला. दबला तर पोती परत उन्हात.