थडग्यांवरील लेखांचीं छायाचित्रें : सुरतेच्या दफनभूमींच्या निमित्तानें

जुनीं स्थळें पाहावयास जाणारे गृहस्थ हल्लीं छायाचित्रणाचें यंत्र बरोबर नेतात; निदान खिशांतील दूरध्वनींत तें असतेंच. परंतु अशा सहलींच्या संग्रहांत घुमट, कमानी व त्यांपुढें उभीं असलेलीं माणसें यांचीच गर्दी फार. लेख वाचतां येईल असें चित्र विरळा. पोथीचें एक पान गहाळ झालें तर ज्यांस झोंप येत नाहीं, त्यांनींही शिलालेखाकडे केवळ देखावा म्हणून पाहावें, हें आम्हांस ठीक वाटत नाहीं.

सुरतेचेंच उदाहरण घेऊं. तेथें इंग्रजांची जुनी दफनभूमि आहे, आणि वलंदेजांची व आर्मेनी लोकांची एकमेकींस लागून आहे. जानेवारी १६६४ मध्यें शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हां इंग्रज वखारीचा मुख्य असलेला सर जॉर्ज ऑक्झेंडन याचें थडगें तेथेंच आहे. तो १४ जुलै १६६९ रोजीं वारला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर १६५९ मध्येंच वारला होता. दोघांची मिळून दुमजली घुमटी आहे. १६७४ च्या राज्याभिषेकास रायगडीं आलेला हेन्री ऑक्झेंडन याच घराण्यांतला. ख्रिस्तोफरचा लॅटिन लेख व्यापाऱ्याच्या जमाखर्चाच्या भाषेंत रचिलेला आहे, ही गंमत लेख न वाचणारास कशी कळावी ? वलंदेजांकडे मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा ग्रंथ (१६७८–१६९३) सिद्ध करविणारा व्हान रेडे निजला आहे. तो डिसेंबर १६९१ मध्यें वारला.

दगडावरील तारीख स्वतः पाहण्याचें महत्त्व येथेंच दिसतें. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी पद्धति चालवीत. हॉलंड प्रांतानें नवी पद्धति १५८३ पासूनच धरिली होती. सतराव्या शतकांत या दोहोंत दहा दिवसांचें अंतर होतें. म्हणून सर जॉर्जची १४ जुलै ही वलंदेजांच्या हिशेबीं २४ जुलै होते. शिवाय इंग्रजांचें वर्ष २५ मार्चला लागे; जानेवारी ते २४ मार्चपर्यंतच्या मृत्यूचें सालही त्यामुळें एकानें मागें असूं शकतें. शकावलीची तिथि जुळत नाहीं म्हणून शकावलीकारास खोटें पाडण्यापूर्वीं हें तपासलेंच पाहिजे. आणि त्यासाठीं अंक जसे कोरले तसे चित्रांत आले पाहिजेत.

ते कसे यावे, हें मुख्यतः उजेडावर अवलंबून आहे. ऊन समोरून पडलें कीं झिजलेलीं अक्षरें सपाट दिसतात. तेंच दगडाच्या पृष्ठास घासून तिरकें आलें तर प्रत्येक खांचेंत सावली भरते व अक्षर उठून येतें. यास्तव पूर्वाभिमुख शिला सकाळीं उशिरां, आणि पश्चिमाभिमुख दुपारीं लौकर, ऊन तिच्यावर तिरकें असतांना घ्यावी. उत्तराभिमुख शिलेवर ऊन क्वचितच येतें. तेथें हातभर आरसा एका बाजूस धरून ऊन तिच्यावर टाकावें. आडव्या फरशीस सूर्योदयानंतरची किंवा सूर्यास्तापूर्वींची वेळ उत्तम. अगदींच पुसट लेख असेल तर यंत्र न हलवितां उजेडाची दिशा बदलून सहा-आठ चित्रें घ्यावींत. एकांत न दिसलेली रेघ दुसऱ्यांत दिसते.

अक्षरें भरण्यासाठीं खडू, पीठ, तेल यांचा प्रयोग करूं नये. आम्ही तर असें करणारास लेखाचा शत्रूच म्हणूं. खडूनें दगड खरवडतो, पिठावर बुरशी येते, आणि ज्यानें जें भरलें तेंच पुढच्यास अक्षर म्हणून दिसतें. धूळ मऊ कुंच्यानें झाडावी, बस्स. हीं स्थळें संरक्षित आहेत, हेंही ध्यानांत असावें.

प्रथम सबंध थडगें, मग चारी बाजू, मग यंत्र शिलेस समांतर धरून लेखाचे एकमेकांवर थोडे चढणारे भाग, असा क्रम ठेवावा. एका चित्रांत फूटपट्टी असावी. थडग्याची दिशा व जागा टिपून ठेवावी. आर्मेनी अक्षरें आपणांस वाचतां येत नाहींत म्हणून तीं वगळूं नयेत. वाचणारा पुढें कोणी भेटेल. जें वाचतां येतें त्याचें वाचन मात्र घरीं येऊन नव्हे, दगडासमोर बसूनच करावें, कारण १ व ७, ३ व ८ हे युरोपीय अंक झिजल्यावर फार फसवितात. शंकित अंक चौकटी कंसांत लिहावा, व मूळ चित्र कांहींएक फेरफार न करितां निराळें ठेवावें.