दोन विणींची पिल्लं, टाकी एकच

गेल्या लेखांकाच्या शेवटी एंजल माशांची पिल्लं पोहायला लागली होती. आता त्यांना खाणं हवं आणि तेही जिवंत: मिठाच्या पाण्यात साधारण २४ तासांत फुटणारे आर्टेमिया, थोडे थोडे, दिवसातून तीन-चार वेळा. इथवर चिकाटी पुरते. डोकं लढवावं लागतं ते दुसरी वीण फुटल्यावर.

आणि ती लवकरच फुटते. अंडी काढून घेतली, की चांगली जोडी दहा-पंधरा दिवसांत पुन्हा अंडी घालते. एका वेळी काहीशे. महिन्याभरात घरात दोन-तीन वयांची पिल्लं होतात आणि टाक्या मात्र तेवढ्याच. मग ‘सगळी एकाच आईची तर आहेत’ म्हणून ती एकत्र सोडली जातात. महिन्याच्या पिल्लाला कालपरवा पोहायला लागलेलं भावंड आणि आर्टेमिया यांत काहीच फरक दिसत नाही. सकाळी टाकीत लहानगी शोधूनही सापडत नाहीत.

पंधरा दिवसांचं अंतर असलं तर कोणी कोणाला गिळत नाही, पण नुकसान होतंच. मोठी आधी खातात, आणखी वाढतात. लहानांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं आणि पोटाखालचे दोऱ्यासारखे लांब पर कुरतडले जातात. म्हणून जन्मतारीख बाजूला ठेवून आकार पाहावा. अंग रुपयाच्या नाण्याएवढं झालेली एका टाकीत, त्याहून लहान दुसरीत. एकाच विणीतही महिन्याभरात अशी निवड करावी लागते.

इतका त्रास असेल तर वेगवेगळ्या विणी एकत्र आणायच्याच कशाला? जोडीसाठी. एंजलमध्ये नर-मादी नुसतं पाहून ओळखता येत नाहीत. खात्री पटते ती अंडी घालायच्या वेळी. म्हणून जाणकार सहा पिल्लं एकत्र वाढवतात आणि जोडी त्यांची त्यांना जमवू देतात. नर-मादीचं प्रमाण निम्मं-निम्मं धरलं तर सहांत दोन्ही असण्याची शक्यता ३२ पैकी ३१. पण सहाही एकाच विणीची असली, तर जमणारी प्रत्येक जोडी सख्ख्या भावा-बहिणीची. एका पिढीत फारसं जाणवत नाही. तेच पुढे चालू ठेवलं, की पिल्लं अशक्त आणि व्यंगाची निघू लागतात.

इथे हमखास गफलत होते. जानेवारीच्या विणीतली तीन आणि फेब्रुवारीच्या विणीतली तीन घेतली, की रक्त बदललं असं वाटतं. जोडी तीच असेल तर काहीही बदललेलं नसतं. दोन दुकानांतून आणली तरी भरवसा नाही, कारण चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी वाढवलेले मासे गावोगावी जातात. दोन्ही दुकानांचा माल एकाच टाकीतून आलेला असू शकतो. आई-बाप वेगळे हवेत, आणि ते विचारूनच घ्यायला हवेत.

रंगांचा हिशोब तर आणखी नाजूक. डॉ. जोआन नॉर्टन यांनी १९८२मध्ये एका अमेरिकी मासिकातल्या लेखमालेत एंजलच्या रंगांची आनुवंशिकता मांडली. सोनेरी रंग दबून राहणारा आहे. अस्सल रुपेरी आणि सोनेरी यांची सगळी पिल्लं रुपेरी दिसतात, पण प्रत्येकाच्या अंगात सोनेरीचा एक अंश असतो; अशा दोघांची जोडी जमली, की चारात एक पिल्लू सोनेरी. अस्सल रुपेरी जोडप्याची पिल्लंही दिसायला अगदी तशीच. दोन्ही एका टाकीत गेली, की कोण कोणाचं हे कायमचं हरवलं. त्यापेक्षा एका जोडीची रुपेरी आणि दुसरीची मार्बल घ्यावीत; ओळख अंगावरच राहते. विणीची तारीख आणि आई-बापांची नोंद वहीत हवीच.

राहिला रोगाचा प्रश्न. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एंजलची मोठी साथ आली. नवे मासे टाकीत सोडले, की थोड्याच दिवसांत मासे पटापट मरू लागत, आणि साथ आणणारे वरून धडधाकट दिसत. तेव्हापासून एक रीत पडली आहे: बाहेरची पिल्लं चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायची, त्यांचं जाळं वेगळं, बादली वेगळी. शेवटच्या दोन आठवड्यांत आपलं एखादं पिल्लू त्यांच्यात सोडायचं. ते तगलं तरच बाकीची एकत्र. हे निर्दय वाटेल, पण एक पिल्लू गमावणं आणि सगळी टाकी रिकामी होणं यांत निवड अवघड नाही.

सहा पिल्लांना किमान दीड फूट उंचीची, शंभर-सव्वाशे लिटरची टाकी द्या, स्पंज फिल्टर लावा आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला हायपो विसरू नका. आठ-दहा महिन्यांत त्यांतले दोघे एक कोपरा अडवून बाकीच्या चौघांना हाकलू लागतील. त्या चौघांचं काय करायचं, ते पुढच्या आठवड्यात.