फटफटीच्या पेटीत काय असावे?

गळीत हंगाम सुरू झाला की ऊसवाल्या गावांच्या रस्त्यांवर मोटारसायकलींची ये-जा वाढते. तोडीची तारीख विचारायला गट कार्यालयात जा, टोळी शेतावर आली की नाही ते पाहा, ट्रॉली फसली तर तिकडे धावा. चिटबॉय आणि शेतकी विभागाचे कर्मचारी तर दिवसरात्र गाडीवरच. अशा वेळी गाडी बंद पडली तर तो नुसता खोळंबा राहत नाही. रात्री डांबरी रस्त्याच्या कडेला वाकून चाक खोलायचे आणि मागून ट्रक, ट्रॉल्या येत असायच्या, हे जिवावरचे काम आहे. म्हणून सोबत कोणती अवजारे ठेवावी याचा विचार सभासद बंधू-भगिनींनी दिवसा, घरच्या अंगणात, सवडीने करून ठेवावा.

जुन्या मंडळींना हे सांगावे लागत नसे. राजदूत ही दोन स्ट्रोकची गाडी, पोलंडच्या एसएचएल गाडीच्या नमुन्यावर बनलेली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालायची आणि प्लगला काजळी धरायची. येझदीचेही तेच. त्यामुळे जादा प्लग, प्लगपाना आणि काचकागदाचा तुकडा खिशात ठेवूनच माणूस घराबाहेर पडे. बुलेटवाल्याला तर इंची मापाचे पाने वेगळे बाळगावे लागत. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, चार स्ट्रोकची. तिला पॉइंट घासायचे कामच उरले नाही. लोक निर्धास्त झाले, आणि इथेच पाने घरी राहू लागले.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला, तेव्हापासून बहुतेक नव्या मोटारसायकलींचा कार्बोरेटरही गेला. आता पेट्रोल फवारून देण्याचे काम विजेच्या पंपाकडे आणि सेन्सरकडे आहे. बॅटरी पार उतरली तर अशा कित्येक गाड्या किकलाही दाद देत नाहीत, आणि काहींना किकच नाही. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर रस्त्यावर उघडझाप करू नये. ते काम पान्याचे नाही.

मग कोणी म्हणेल, “तं आता पाने कायले पाहिजेत जी?” पाहिजेत. कारण गाडी कितीही नवी असो, चाक, साखळी आणि तारा जुन्याच पद्धतीच्या आहेत. रस्त्यात अडवतात त्याही ह्याच.

आधी पंक्चरचे पाहू. आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यावर बाभळी आहेत. त्यांचे काटे पांदण रस्त्यावर पडतात, आणि बैलाच्या नालाचे खिळेही सापडतात. आऱ्यांचे चाक असेल तर आत बहुधा ट्यूब असते. त्यासाठी चाकाच्या नटाच्या मापाचा पाना, दोन टायर लिव्हर, ठिगळे, सोल्युशन, काचकागद आणि छोटा पंप लागतो. ठिगळ लावण्यापेक्षा जादा ट्यूबच सोबत ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. अंधारात बारीक भोक शोधत बसावे लागत नाही. मात्र नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून कापडाची चिंधी फिरवून काटा तिथेच रुतलेला नाही ना हे पाहावे, नाहीतर दुसरीही जाते. सोल्युशनची ट्यूब एकदा फोडली की काही महिन्यांत आतल्या आत वाळते, म्हणून न फोडलेली ठेवावी. सायकलचा पंप कामी येईल असे समजू नये. आपल्या साध्या सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा आणि मोटारसायकलचा वेगळा. पंपाला जोडणी लागते, ती घरीच लावून पाहावी.

ट्यूबलेस टायर असेल तर काम हलके. मुठीची सुई, चिकट दोऱ्या आणि पंप एवढ्यावर भागते, चाक खोलावे लागत नाही. पण खिळा दिसला की लगेच उपटू नये. आधी दोरी सुईत ओवून ठेवावी, मग उपटावा. गाव जवळ असेल आणि हवा हळू जात असेल तर खिळा तसाच ठेवून हळूहळू गाव गाठणे बरे.

टायरमध्ये तणीस किंवा उसाचे पाचट कोंबून गाडी घरी आणल्याच्या गोष्टी पारावर ऐकायला मिळतात. तो निरुपायाचा उपाय आहे. पुढच्या चाकाला तर करूच नये.

साखळीची जोडकडी, जिला मिस्त्री चेनलॉक म्हणतात, ती चिमूटभर जागेत मावते आणि नसली तर गाडी ढकलत न्यावी लागते. आपल्या साखळीच्याच मापाची घ्यावी. तिच्या क्लिपचे बंद तोंड साखळी ज्या दिशेने धावते त्या बाजूला असावे, उघडे तोंड मागे. उलटी बसवली तर क्लिप निघून जाऊ शकते.

क्लचची तार बहुधा टोकाच्या मण्यापाशी तुटते. तिची एक जुनी युक्ती आहे. नवी तार जुन्या तारेच्या शेजारून आधीच ओढून ठेवायची, दोन्ही टोकांना टेप गुंडाळायची आणि जागोजाग बांधून टाकायची. तुटली की टोके बदलली, काम झाले. हँडल दोन्हीकडे पुरते फिरवून तार ताणत नाही हे मात्र पाहावे.

पाने किती घ्यावे? गाडीसोबत मिळालेली पिशवी उघडून पाहा. त्यातले पाने बहुधा नरम असतात. नट घट्ट असला की पान्याचे तोंड फाकते आणि नटाचे कोपरे गोल होतात. आपल्या बहुतेक गाड्यांना १०, १२, १४, १७ आणि १९ एवढी मापे लागतात. मागच्या चाकाला काही गाड्यांत याहून मोठे लागते. दुकानातला वीस पान्यांचा संच घेण्यापेक्षा अंगणात आपली गाडी उभी करून चाक एकदा स्वतः काढावे. जो पाना हातात आला तो पिशवीत, जो आला नाही तो घरात. अ‍ॅडजस्टेबल पाना एकच असावा, तोही अडीनडीला. प्लगपान्याचे मापही तपासावे: हिरो होंडाच्या बारीक प्लगला १६ चा लागतो, राजदूत-बुलेटच्या जाड प्लगला तो चालत नाही. इंजिन तापलेले असताना प्लग खोलू नये, आणि बसवताना आधी बोटांनी फिरवावा, म्हणजे आटे मरत नाहीत.

बाकी पक्कड, दोन तोंडांचा स्क्रू ड्रायव्हर, टेप, हातभर बारीक तार आणि त्याच अँपिअरचे दोन फ्यूज. फ्यूजच्या जागी तार किंवा चमकी घालू नये, वायरिंग जळते.

डोक्याला बांधायची विजेरी घ्यावी, दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाईल तोंडात धरून नट शोधणाऱ्याला मागून येणारा ट्रक दिसत नाही. जुन्या ६ नंबरच्या, आता ५३ म्हणतात त्या हायवेवर लाखनी-साकोलीकडे जाताना गाडी आधी डांबरावरून पुरती खाली उतरवावी, शक्य तर पेट्रोल पंपापर्यंत ढकलावी, मगच पिशवी सोडावी. अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट असले तर उत्तम. कोका किंवा नागझिऱ्याच्या जंगलातून रस्ता असेल तर अंधारात चाक खोलून बसू नये. हवा नसलेल्या चाकावर रेटत गाव गाठावे. टायर-ट्यूब खराब होईल, होऊ द्यावी.

पिशवीसाठी जुन्या जाड ट्यूबचा तुकडा चांगला. त्यात पाने गुंडाळून रबराने आवळले की खडखडत नाहीत आणि ओल लागत नाही. रोवणीनंतर एकदा आणि दिवाळीपूर्वी एकदा सगळे बाहेर काढून तेलाच्या चिंधीने पुसावे, सोल्युशन दाबून पाहावे, विजेरीचे सेल बदलावे.